एनफिल्डचा पट: ओ'केलींच्या कुलचिन्हाच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

काम असे: आयर्लंडमधल्या ई मान्याच्या ओ'केली कुळाचे पूर्ण चिन्ह हाताने रंगवायचे. म्हणजे ढाल, तिच्यावर शिरस्त्राण, त्याच्या माथ्यावरची आकृती म्हणजे क्रेस्ट आणि सर्वांत खाली ब्रीदवाक्याची फीत. शेजारी मराठी माहितीफलक. कागद अर्धा इम्पिरियल, ५६ × ३८ सेंमी, उभा. रंगकाम आणि मजकूर या दोन्हींच्या नोंदी एकाच वहीत ठेवायच्या, कारण इथे प्रत्येक रेघेला मजकुराचा आधार लागतो.

हे कूळ निवडले ते क्रेस्टवरच्या प्राण्यासाठी. सिंह, हरीण, रानडुक्कर, मासा, तलवार धरलेला हात असे सगळे आयरिश चिन्हांवर पुन्हा पुन्हा भेटतात. ओ'केलींच्या शिरस्त्राणावर मात्र एनफिल्ड नावाचा काल्पनिक प्राणी आहे, आणि त्याच्या कथेला माणूस, लढाई आणि तारीख असे तिन्ही आहेत.

कोणते केली, हे आधी पक्के करून घेतले. मर्फीच्या खालोखाल केली हेच आयर्लंडमधले सर्वांत मोठे आडनाव. पण सगळे केली एका मुळाचे नाहीत. मीथ, लीश, डेरी या भागांत याच नावाची वेगळी, एकमेकांशी नाते नसलेली कुळे होती. आपले चिन्ह ई मान्याच्या राज्याचे, म्हणजे आजचा पूर्व गॉलवे आणि दक्षिण रॉसकॉमन. फलकावर नुसते 'केली' लिहिले तर बाकीच्यांवर भलताच इतिहास लादला जाईल.

११ जानेवारी

चिन्हाच्या शाब्दिक वर्णनाला ब्लेझन म्हणतात. चित्रकार बांधील असतो तो फक्त त्याला. ओ'केलींचे ब्लेझन मराठीत साधारण असे होते:

निळ्या भूमीवर, माथ्यावर तीन लहान बुरूज असलेला चंदेरी बुरूज. मागच्या पायांवर उभे दोन चंदेरी सिंह त्याला दोन्ही बाजूंनी धरून आहेत. बुरुजाच्या चर्यांवरून सिंहांच्या पायांमधून खाली उतरणाऱ्या दोन सोनेरी साखळ्या. क्रेस्ट: सोनेरी मुकुटावर हिरवा एनफिल्ड. ब्रीद: टुर्रिस फोर्टिस मिही देउस, अर्थात 'देव माझा बळकट बुरूज'.

निळा किती गडद, आयाळीचे झुपके किती, बुरुजाला दार कसले, हे सारे चित्रकारावर सोडलेले असते. त्यामुळे दोन जुनी चित्रे एकमेकांसारखी नसली तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

या ब्लेझनमध्ये तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला बुरुजाचा: एका मोठ्या बुरुजाच्या माथ्यावर तीन छोटे बुरूज असे हवे असते, आणि लोक तीन सुटे बुरूज काढतात. दुसरा साखळ्यांचा. स्वस्त छापील प्रतींत त्या सरळ गाळलेल्या असतात, कारण लहान आकारात त्या नीट छापल्या जात नाहीत आणि पुढचा नक्कल करणारा गाळलेल्या प्रतीवरूनच नक्कल करतो. तिसरा डाव्या-उजव्याचा. हेराल्ड्रीत, म्हणजे कुलचिन्हांच्या शास्त्रात, उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची. ट्रेसिंगवर सुरुवातीलाच दोन्ही कडांना 'धारक उजवा', 'धारक डावा' असे पेन्सिलीने लिहून टाकले.

जुना आधार बहुतेक वेळा कोरीव काम असतो, चांदीच्या भांड्यावरचा, ग्रंथात चिकटवलेल्या मालकी-चिठ्ठीचा किंवा मोहरेचा. त्यात रंग रेघांनी दाखवतात. ही पद्धत येशूसंघी पाद्री सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता यांच्या १६३८ च्या ग्रंथाने रूढ झाली: आडव्या रेघा निळा, उभ्या रेघा लाल, ठिपके सोनेरी, कोरी जागा चंदेरी. पाहणाऱ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरप्या रेघा म्हणजे हिरवा. उलट दिशेच्या तिरप्या म्हणजे जांभळा. मोहरेचा साचा उलटा कोरलेला असतो. ठसा न उमटवता साच्यावरूनच वाचले तर हिरवा एनफिल्ड जांभळा होतो आणि प्राण्याचे तोंडही फिरते. साचा हाती आला तर आधी मेणावर ठसा घ्यायचा आणि मगच रेघा वाचायच्या.

१५ जानेवारी

फलकाचा गाभा आज लिहिला.

टायग मोर ओ'केली, म्हणजे थोरला टायग, हा ई मान्याचा राजा. २३ एप्रिल १०१४, गुड फ्रायडे, डब्लिनच्या उत्तरेला क्लॉनटार्फच्या किनारपट्टीवर तो धारातीर्थी पडला. तो आयर्लंडचा सर्वोच्च राजा ब्रायन बोरू याच्या बाजूने लढत होता. समोर लीन्स्टरचा राजा माल मोर्डा, डब्लिनचे नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, आणि त्यांच्या मदतीला ऑर्कनी बेटांचा सरदार सिगुर्ड. ब्रायनची बाजू जिंकली, पण ब्रायन स्वतः मारला गेला, आणि त्याच्याकडचे, समोरचे असे बरेच सरदार त्याच दिवशी संपले.

ओ'केलींची परंपरा सांगते की टायग पडल्यावर समुद्रातून एक प्राणी वर आला. शत्रूंनी प्रेताची विटंबना करू नये म्हणून तो त्याच्यापाशी उभा राहिला, आणि ई मान्याचे लोक येऊन प्रेत घेऊन जाईपर्यंत त्याने कुणाला जवळ फिरकू दिले नाही. तोच एनफिल्ड. जॉन ओ'डोनोव्हन यांनी ई मान्याच्या कुळांविषयीचा जुना मजकूर १८४३ मध्ये संपादित करून छापला, तेव्हा ही परंपराही त्यात नोंदवली.

प्राणी समुद्रातूनच का यावा, याचे उत्तर रणभूमीच्या जागेत आहे. ही लढाई खाडीकाठची होती. पळणाऱ्यांपैकी कित्येक भरतीत बुडाले असे जुने वृत्तांत सांगतात. १९ व्या शतकात सॅम्युअल हॉटन यांनी त्या तारखेची भरती गणिताने काढली: पहाटे साडेपाचच्या सुमारास एक, आणि संध्याकाळी ५ वाजून ५५ मिनिटांनी दुसरी. म्हणजे दिवस मावळताना, लढाई सरत असताना, पाणी प्रेतांच्या रोखाने वर चढत होते. त्या पाण्यातून रक्षक आला ही कल्पना अशाच किनाऱ्यावर सुचावी, असे आमचे मत. ते मत म्हणूनच फलकावर जाईल.

फलकावर आणखी एक वाक्य ठळक हवे. टायगच्या हातात ही बुरूज-सिंहांची ढाल नव्हती. वंशपरंपरेने चालणारी ढालीवरची चिन्हे युरोपात १२ व्या शतकाच्या मध्यात रुळू लागली. आयर्लंडमध्ये ती ११६९ नंतर आलेल्या नॉर्मनांबरोबर पोहोचली आणि गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, घराण्यांनी ती आणखी उशिरा, आपापल्या गतीने उचलली. १०१४ मध्ये यातले काहीच नव्हते. म्हणून कथेचा काळ वेगळा आणि ढालीचा काळ वेगळा, हे वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळले पाहिजे. टायगला या ढालीसह लढताना दाखवणारी चित्रे दुकानांत मिळतात. ती वापरायची नाहीत.

१९ जानेवारी

एनफिल्डची शरीररचना ठरवली. हेराल्ड्रीत रुळलेले वर्णन असे: डोके कोल्ह्याचे, छाती ग्रेहाउंड कुत्र्याची, पुढचे पाय गरुडाचे, धड सिंहाचे, मागचा भाग आणि शेपूट लांडग्याचे. दुसरे एक वर्णन मिळते, त्यात छाती हत्तीची, आयाळ घोड्याची, धड आणि मागचे पाय शिकारी कुत्र्याचे आणि शेपूट सिंहाची आहे. कोल्ह्याचे डोके आणि गरुडाचे पुढचे पाय दोन्हींत समान, तेव्हा तेच कायम धरायचे. बाकी आपण पहिल्या वर्णनाप्रमाणे जाणार. हत्तीची छाती लावली की पुढचा भाग इतका जड होतो की गरुडाचे बारीक पाय त्याखाली खोटे वाटतात.

पंख नाहीत. हे मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावले आहे. गरुडाचे पाय काढले की हात आपोआप पंखांकडे वळतो आणि ग्रिफिन तयार होतो. ग्रिफिनचे डोकेही गरुडाचे असते आणि त्याला पंख असतात. एनफिल्डला दोन्ही नाहीत.

लंडनच्या एनफिल्ड बरोच्या, म्हणजे प्रशासकीय विभागाच्या, चिन्हावरही हा प्राणी आहे, तिथे तो गावाच्या नावाशी जुळवून घेतलेला आहे. आपल्याकडे एनफिल्ड म्हटले की मोटरसायकल आठवते. ते नाव त्याच गावच्या शस्त्रांच्या कारखान्यावरून आले. या प्राण्याशी त्याचा संबंध नाही. फलक वाचणारा हे विचारणारच, म्हणून एक ओळ ठेवली.

२४ जानेवारी

हा प्राणी आला कुठून? निकोलस विल्यम्स यांनी १९८९ मध्ये मांडलेला तर्क आम्हाला सर्वांत पटतो. मध्ययुगीन आयरिश लेखनात ऑनखू नावाचा एक हिंस्र जलश्वान येतो, आणि तोच शब्द रणध्वजालाही वापरलेला दिसतो. ध्वजावर असा पशू रंगवायचा, ध्वजालाच पशूचे नाव पडायचे. आता टायगची कथा पुन्हा वाचावी: पडलेल्या राजाच्या प्रेतापाशी शेवटपर्यंत जे उभे राहिले ते त्याचे निशाण असेल, आणि पुढच्या पिढ्यांच्या सांगण्यात निशाणावरचा पशूच जिवंत झाला असेल. हे सिद्ध झालेले नाही. पण समुद्र, कुत्र्याचे अंग आणि रणभूमी या तिन्हींचा उलगडा त्यात एकदम होतो.

पाण्यातून येणारा कुत्रा आयरिश लोककथेला परका नाही. लीट्रिम परगण्यात ग्लेनेड इथल्या कॉनवॉल दफनभूमीत १७२२ ची एका स्त्रीची कबर आहे. तिच्या शिळेवर पाणमांजर आणि कुत्रा यांच्या मधला एक प्राणी कोरला असून त्याच्या अंगात भाला घुसलेला आहे. तळ्यातल्या डोव्हरखूने, म्हणजे पाणकुत्र्याने, तिला मारले अशी तिथली कथा. तो माणसे मारतो आणि एनफिल्ड माणसाचे प्रेत राखतो, एवढा दोघांत फरक. पण दोघेही येतात पाण्यातूनच.

रणात पवित्र वस्तू पुढे नेण्याची रीत ई मान्यात होतीच. संत ग्रेलनचा धर्मदंड ई मान्याच्या राजांचे रणनिशाण असावा, असे त्या संताच्या चरित्रात आहे. हा दंड चिन्हावर कुठेही नाही, तरी फलकावर त्याला दोन वाक्ये दिली.

२७ जानेवारी

'निळा म्हणजे निष्ठा, चांदी म्हणजे शांती, सिंह म्हणजे शौर्य' असे तक्ते फलकावर घ्यायचे नाहीत. रंगांचे असे अर्थ नंतरच्या ग्रंथकारांनी जोडले, प्रत्येकाने आपापले. निळा एका कुळाला निष्ठेसाठी दिला आणि दुसऱ्याला सत्यासाठी, असे कोणतेही एकसारखे कोष्टक नव्हते.

या ढालीत अर्थाचा अंतर्गत पुरावा एकाच गोष्टीला आहे, बुरुजाला. ब्रीदवाक्यात बुरूज आहे आणि ढालीवरही बुरूज आहे. मागे बायबल आहे: नीतिसूत्रे १८:१० मध्ये परमेश्वराचे नाव हा बळकट बुरूज म्हटला आहे, आणि लॅटिन बायबलात तिथे 'टुर्रिस फोर्टिस्सिमा' असेच शब्द येतात. सिंह आणि साखळ्यांबद्दल फलकावर फक्त त्या काय आहेत ते सांगायचे.

२ फेब्रुवारी

मांडणी. ढाल १५ सेंमी उंच, १२.५ सेंमी रुंद. शिरस्त्राण ९ सेंमी, त्यातले दीड सेंमी ढालीच्या वरच्या कडेवर चढलेले. मुकुट ३ आणि एनफिल्ड ८ सेंमी. ढालीखाली १ सेंमी मोकळे आणि मग ४ सेंमीची फीत. एकूण ३८.५ भरले. वर ८ आणि खाली ९.५ सेंमी कोरे. मँटलिंगचा, म्हणजे शिरस्त्राणावरून उतरणाऱ्या फाटक्या कापडाचा पसारा २५ सेंमी; दोन्ही बाजूंना साडेसहा सेंमी उरतात.

नवशिक्या कामात क्रेस्ट जवळजवळ नेहमी लहान पडते, कारण आधी ढाल मोठी काढली जाते आणि उरलेल्या जागेत प्राणी कोंबला जातो. इथे प्राण्यासाठीच तर सारा खटाटोप. म्हणून आधी एनफिल्ड ८ सेंमीचा काढला आणि त्यावरून ढाल बेतली.

शिरस्त्राण पोलादी, बंद, धारकाच्या उजवीकडे वळलेले. एनफिल्डचे तोंडही तिकडेच. शिरस्त्राण एका बाजूला आणि प्राणी दुसऱ्या बाजूला पाहत असेल तर दोन वेगळ्या चित्रांचे तुकडे जोडल्यासारखे दिसते, आणि इंटरनेटवरची बरीच चित्रे नेमकी तशीच जोडलेली असतात.

मुकुटाला ब्लेझनमध्ये 'ड्यूकल' म्हणतात. त्याचा ड्यूकच्या पदवीशी संबंध नाही. क्रेस्ट ज्यातून वर येते तो हा ठरावीक मुकुट. त्यावर स्ट्रॉबेरीची चार पाने मानलेली असतात, समोरून मधले एक पूर्ण आणि कडेची दोन अर्धी दिसतात.

अडचण पायांची. मुकुट ६ सेंमी रुंद, प्राणी त्याहून लांब. चारही पाय टेकवले तर दोन हवेत राहतात. मग चालता एनफिल्ड घेतला: पुढचा, धारकाच्या उजवीकडचा पाय उचललेला, उरलेले तीन मुकुटाच्या कडेवर, आणि शेपूट मागे बाहेर.

६ फेब्रुवारी

कागद १०० टक्के सुती, ३०० जीएसएम, हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत दाबलेला. खरखरीत कागदावर २ मिलिमीटरची साखळी धड उतरत नाही. दोन्ही बाजू ओल्या करून बोर्डावर गमटेपने ताणला, आडवा ठेवून रात्रभर वाळवला. उभा ठेवला तर पाणी खालच्या कडेला उतरते, तिथला टेप सुटतो आणि कागदाला पोक येते.

९ फेब्रुवारी

सोन्याचे काम रंगाच्या आधी. गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, डिंक असतो. वर्ख लावताना दिलेल्या फुंकरीने तो ओला होतो आणि नको तिथे सोने धरतो. कोऱ्या कागदावर हा धोका नाही.

मुकुटाला गम अमोनियाक, म्हणजे वर्ख धरणारा झाडाचा डिंक. खडे फोडून, बुडतील एवढ्या गरम डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवले आणि सकाळी बारीक नायलॉनमधून गाळले. त्यात थेंबभर लाल जलरंग, म्हणजे कुठे लावले ते दिसते. ढवळताना फेस करायचा नाही, कारण प्रत्येक बुडबुडा वाळला की सोन्यात टाचणीएवढे भोक पडते. दोन हात दिले आणि तासभर वाळू दिले. कागदाच्या नळीतून तीन-चार संथ फुंकरी मारायच्या, लगेच वर्ख ठेवायचा, वरून ग्लासिन कागद घेऊन बोटाने दाबायचा. साडेतेवीस कॅरेटचे पान ८ × ८ सेंमीचे असते, त्यामुळे मुकुट एका पानात झाकला जातो. पण एका थरात लाल छटा डोकावते, म्हणून दुसरा थर. अकीकाच्या घोटणीने ग्लासिनवरूनच घोटले.

हवा फार कोरडी असेल तर फुंकर टिकत नाही आणि सोने धरत नाही; फार दमट असेल तर गम चिकटच राहतो आणि घोटताना ओरखडे उठतात. ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली की काम सुरळीत होते.

बुरूज आणि सिंह चंदेरी आहेत, म्हणून चांदीचा वर्ख लावायचा मोह होतो. तो लावायचा नाही. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि जुन्या हस्तलिखितांतले कित्येक चंदेरी सिंह आज काळेकुट्ट दिसतात ते यामुळेच. पॅलेडियम काळे पडत नाही, पण एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर ते उजेडाच्या कोनाप्रमाणे कधी पांढरे, कधी करडे भासते आणि सिंहाचे स्नायू त्यात हरवतात. हेराल्ड्रीत चंदेरीच्या जागी पांढरा पूर्ण मान्य आहे. पांढराच घेतला.

१४ फेब्रुवारी

निळा. अल्ट्रामरीन गुआशमध्ये थोडा कोबाल्ट आणि किंचित झिंक व्हाइट. प्रशियन ब्लू घेतला नाही, कारण तो दुरून काळा वाटतो. ढालीची भूमी आणि मँटलिंगची बाहेरची बाजू एकाच निळ्याची हवी, म्हणून साधारण १५ मिली रंग एकदमच कालवून झाकणाच्या डबीत ठेवला. मधेच संपला तर दुसऱ्यांदा तोच निळा जमत नाही.

रंग दाटसर ताकाएवढा. जाड लावला की वाळताना तडकतो. फार पाणी झाले तर डिंक विरळ होतो, रंग भुकटीसारखा बोटाला लागतो. मग थेंबभर गम अरेबिक घालायचे. ६ नंबरच्या सेबल ब्रशने वरून खाली यायचे, ओली कड सुटू द्यायची नाही, वाळत आलेल्या जागी मागे फिरायचे नाही. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, आडव्या दिशेने.

सिंह आणि बुरुजाच्या जागा कोऱ्या सोडल्या. निळ्यावर पांढरे गुआश चढवले तर खालचा निळा पुन्हा ओला होतो आणि सिंह आकाशी होतात. मास्किंग फ्लुइड काढताना हॉट प्रेसचा पापुद्रा निघू शकतो, म्हणून कडा ब्रशनेच राखल्या.

१७ फेब्रुवारी

सिंहांना फिकट करड्या छाया. ब्लेझन नखे-जिभांबद्दल काही बोलत नाही. इंग्लिश-आयरिश रिवाजाने भूमी लाल नसेल तर सिंहाची जीभ आणि नखे लाल, तशीच घेतली. बुरुजाला दगडांच्या रेघा अगदी फिक्या दिल्या. गडद दिल्या की दुरून तो जाळीचा पिंजरा वाटतो.

२१ फेब्रुवारी

साखळ्या. प्रत्येकी पाचेक सेंमी, एक कडी समोरून अंडाकृती ६ मिलिमीटर, पुढची कडेवरून, नुसती ३ मिलिमीटरची दांडी. आलटून पालटून अकरा कड्या बसतात. सगळ्या कड्या समोरून काढल्या तर ती मण्यांची माळ दिसते. आधी यलो ऑकर, त्यावर शेल गोल्ड, म्हणजे डिंकात खललेली सोन्याची पूड, आणि शेवटी बर्न्ट अंबरची केसासारखी बाह्यरेषा. ऑकर नसेल तर निळा सोन्यातून वर येतो आणि सोने हिरवट दिसते. घोटणी इथे वापरायची नाही. बाजूच्या निळ्याला चकाकीचे चट्टे पडतात.

साखळी सिंहाच्या मागच्या दोन पायांमधून खाली जाते. ती पायाच्या पुढून घेतली तर सिंह साखळदंडात बांधलेला दिसतो, जे ब्लेझनमध्ये कुठेही नाही.

२६ फेब्रुवारी

एनफिल्ड. पूर्ण हिरवा, कोल्ह्याचे डोकेसुद्धा. डोके तांबूस, पाय पिवळे, धड करडे असे 'नैसर्गिक' रंग देणारी चित्रे बरीच आहेत. ब्लेझन 'हिरवा' एवढेच म्हणते, तिथे चर्चा संपते.

जुन्या हस्तलिखितांत असा हिरवा बहुधा तांब्याच्या जंगापासून केलेला असे. तो वर्षानुवर्षे कागद आणि चामडे पोखरतो. पानाच्या पाठीमागे तपकिरी डाग दिसला तर कारण तेच. आपला हिरवा व्हिरिडियन तीन भाग, फिकट कॅडमियम यलो एक भाग. छायेसाठी काळा घ्यायचा नाही, हिरवा मळकट होतो. व्हिरिडियनमध्ये किंचित अलिझरिन क्रिमझन घातले की खोल, जिवंत गडद हिरवा मिळतो. उजळ भागांना लेमन यलो आणि थोडा पांढरा.

रंग एकच असल्याने पाच प्राण्यांचे अवयव वेगळे ओळखू यायला हवेत ते पोताने. कोल्ह्याच्या गालांना बाहेर झेपावणारे टोकदार केस, कान त्रिकोणी आणि ताठ. छातीवर केस नाहीत, फक्त बरगड्यांची हलकी सूचना. गरुडाचा पाय कोपरापर्यंत खवल्यांचा, पुढे तीन बोटे आणि मागे एक. कोपरावर पिसांचा झुपका, त्याखालीच सांधा लपतो. सिंहाचे धड गुळगुळीत. लांडग्याच्या मांडीपासून केस लांबत जातात आणि शेपूट झुबकेदार, खाली उतरती. तिच्या टोकाला गोंडा काढला तर ती सिंहाची होते.

सर्वांत नाजूक जागा छाती आणि गरुडाच्या पायाचा सांधा. खवले एकदम सुरू केले तर प्राण्याने मोजे चढवलेले दिसतात. झुपक्याची पिसे वर छातीत शिरू दिली आणि खवल्यांच्या पहिल्या दोन ओळी अर्धवट ठेवल्या, तेव्हा पाय अंगातूनच फुटल्यासारखा आला.

तोंड मिटलेले ठेवले. उघडे काढले की जिभेचा आणि दातांचा रंग ठरवावा लागतो, आणि ब्लेझन त्याबद्दल गप्प आहे. शिवाय प्रेतापाशी पहारा देणारा प्राणी गुरगुरत नसून नुसता तिथे आहे, हे मिटल्या तोंडानेच अधिक पोहोचते. त्याचे डोळे मात्र सताड उघडे.

२ मार्च

ब्रीदवाक्य. रोमन मोठी अक्षरे, उंची ७ मिलिमीटर. चार शब्दांत अक्षरे ६, ६, ४, ४. मधोमध घडी घालून दोन-दोन शब्द वाटले तर डावीकडे बारा आणि उजवीकडे आठ होतात, फीत एका बाजूला कलंडते. तीन घड्या केल्या: डावीकडे टुर्रिस, मध्ये फोर्टिस मिही, उजवीकडे देउस. उजवीकडची चार अक्षरे थोडी सुटी लिहिली आणि शेवटी बारीक क्रूस काढला. ट्रेसिंगच्या पट्टीवर आधी लिहून, मधल्या घडीचा मध्य ढालीच्या टोकाखाली आणून मगच कागदावर उतरवले. वळलेल्या फितीवर अक्षरे फितीच्या कडेला काटकोनात उभी हवीत; कागदाच्या तळाला समांतर ठेवली तर ती घसरत असल्यासारखी दिसतात.

९ मार्च

फलकाचे शीर्षक: 'ई मान्याच्या ओ'केली कुळाचे चिन्ह'. 'केली फॅमिली क्रेस्ट' असे लिहायचे नाही. एक तर क्रेस्ट म्हणजे फक्त शिरस्त्राणावरचा भाग. दुसरे, चिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशाला मिळते.

आयर्लंडमध्ये चिन्हे देण्याचे काम पाहणारे कार्यालय १५५२ मध्ये अल्स्टर किंग ऑफ आर्म्स या पदाने सुरू झाले. १९४३ मध्ये ते आयरिश राज्याकडे आले. आज चीफ हेराल्डचे, म्हणजे चिन्हांच्या मुख्य अधिकाऱ्याचे, कार्यालय डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर, नॅशनल लायब्ररीचा भाग आहे. नव्या व्यवस्थेतले पहिले प्रमुख एडवर्ड मॅकलायसाट यांनी कुळांच्या चिन्हांबद्दल व्यवहार्य भूमिका मांडली: ओ'केलींसारख्या गेलिक कुळातल्या माणसाने कुळाचे चिन्ह घरात भिंतीवर लावले तर हरकत नाही, पण पत्रकागदावर, मोहरेवर किंवा अंगठीवर ते स्वतःचे म्हणून वापरू नये. स्वतःचे हवे असेल तर चीफ हेराल्डकडे अर्ज करून नवे घ्यावे. तीन पिढ्या किंवा १०० वर्षांचा वापर दाखवता आला तर आहे तेच कायम करून मिळू शकते. आपला पट या नियमाने पहिल्या प्रकारात बसतो आणि फलकावर तसे लिहिले आहे.

१२ मार्च

चौकट. गुआशवर व्हार्निश नाही. निळा एका दमात काळवंडतो. आम्लमुक्त माउंट, काच आणि कागद यांत ३ मिलिमीटर अंतर, कारण काचेला टेकलेले गुआश पावसाळी हवेत चिकटते आणि काढताना सोलून येते. काच अतिनील किरण अडवणारी. प्रकाश ५० लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि दिवा वरून धारकाच्या उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, कारण छाया त्याच हिशेबाने रंगवल्या आहेत. फलक पटाच्या उजव्या हाताला, वरची कड ढालीच्या वरच्या कडेशी जुळवून.